शिवेपलीकडचा मळा

आगगाडीचे पहिले इंजिन अकोल्यात आले त्या दिवशी मोठा मांडव घातला होता. साहेब इंग्रजीत बोलले आणि शिरस्तेदाराने त्याचे मराठी करून सांगितले. "ज्या वाटेने व्यापार येतो त्याच वाटेने सुधारणा येते," असे एक वाक्य त्यात होते. त्यावर शेटजींच्या माना डोलल्या. त्या दिवसासाठी बांधलेल्या पागोट्यांचे वजन पाहता त्या न डोलणेच कठीण होते. मी सरकारी शाळेतला पंतोजी. मुलांकडून स्वागताचे श्लोक म्हणवून घ्यायला मला बोलावले होते. श्लोक मीच रचले होते, त्यामुळे ते वाईट होते हे मी खात्रीने सांगू शकतो.

त्याच वाटेने इंजिनाच्याही आधी काय आले ते भाषणात नव्हते. ते आले तेव्हा मी नदीच्या अलीकडे राहत होतो, म्हणून लिहून ठेवतो.

मी मूळचा अमरावतीचा. आमच्या वऱ्हाडात गावे मोठी होत ती निरनिराळ्या कारणांनी. एलिचपूर मोठे झाले, कारण नवाबाला तिथे राहावेसे वाटले. बाळापूर आणि कारंजा वाटेवर होती म्हणून वाढली. अमरावती भीतीने वाढली. लुटारू येतात म्हणून लोक परकोटाच्या आत शिरले आणि लोकांच्या मागून सावकार शिरले. मग दूर अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीची साऱ्या जगाला एकाएकी आठवण झाली. बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या दिवसांबद्दल अजून सांगतात. मी रस्त्याच्या कडेला बरीच वर्षे काढली. मला तरी लोखंडाच्याच दिसल्या.

आगगाडी अमरावतीला येणार यात कोणाला शंका नव्हती. तिने मात्र तीन कोस लांबून, बडनेऱ्यावरून जायचे ठरवले. शेटजींना तो घरचा अपमान वाटला. शहराने कुठे वाढायचे हे शहराला विचारण्याचे दिवस संपले, हे आम्हाला तेव्हा कळले. अकोल्यात तर कोणी काही मागितलेही नव्हते. तिथे कचेरी आली, लोखंडी रस्त्याचा भराव आला, आणि बदली होऊन मी आलो.

जुने अकोले मोर्णेच्या पश्चिमेला, तटाच्या आत. नदीच्या पलीकडे बाभुळबन आणि चार-दोन मळे. मी आलो तेव्हा बाभळी तुटू लागल्या होत्या. कापसाच्या वखारी उठल्या, गाडीतळ पडला, निमाडचे गाडीवान, तेलंगणातले गवंडी, भरावावर माती टाकणारे कुठकुठचे लोक पाल ठोकून राहिले. दोन हंगामांत तिथे जुन्या गावाएवढी माणसे झाली. पण त्या वस्तीला पाटील नव्हता, चावडी नव्हती, देऊळ नव्हते, नावसुद्धा नव्हते. गावातले लोक तिला 'तिकडं' म्हणत.

त्या 'तिकडं'च्या मध्यभागी एक माळ्याचा मळा सापडला होता. वखारी आणि पाले तीन बाजूंनी त्याच्या बांधाला येऊन भिडली होती. नवरा दिवसभर मोट हाकी. मोटेचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने वाहे आणि सगळी वस्ती त्या पाटावर भांडी भरी. विहिरीला कोणाचा हात लागत नसल्याने कोणी कोणाची जात विचारत नसे. धर्म वाचवण्याचे इतके सोयीचे यंत्र मी दुसरे पाहिले नाही. त्याची बायको टोपली घेऊन नदी ओलांडून गावात येई. वांगी, मेथी, मिरच्या आमच्याकडे तिच्याच येत. चाळिशीची, उंच, तोंडाने फटकळ. गावातल्या देवांना फुले पुरवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराचा होता.

त्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. आठवा महिना लागलेला. वैशाखात गाडीतळावर पटकी आली.

दोन दिवसांत पलीकडून रडे ऐकू येऊ लागले. साहेबांनी हुकूम काढला की पलीकडच्या माणसांना आणि गाड्यांना गावात येऊ देऊ नये. त्याच संध्याकाळी चावडीवर पाटलांनी ठरवले की मरीआईचा गाडा काढावा. साहेबाचे पाटलाच्या अकलेबद्दल मत चांगले नव्हते, आणि पाटलाचे साहेबाच्या धर्माबद्दल. पण रोग नदीपलीकडे राहावा यावर दोघांचे एकमत झाले. पलीकडे कोण राहते हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही.

गाड्याची रीत अशी. लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात देवीला हिरवे लुगडे नेसवून बसवायची, बांगड्या, लिंबे, फुले वाहायची आणि वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायची. पुढच्या गावाने गाडा तिथून उचलायचा आणि आपल्या पलीकडच्या शिवेवर पोचवायचा. असा गावोगाव जात जात गाडा शेवटी कुठे जातो, असे मी पुष्कळांना विचारले आहे. पुढच्या गावाला, यापलीकडे कोणाला माहीत नव्हते.

शाळा चावडीला लागून होती, म्हणून पुढचे बोलणे मी ओट्यावरून ऐकले. हुकूम अजून वेशीपर्यंत पोचला नव्हता. माळीण टोपलीसकट चावडीपुढे उभी राहिली.

"पाटील, गाडा कुटं सोडनार?"

"दरसाल सोडतो तिथंच. नदीच्या तिकडं. शीव हाय ते."

"तवा तिकडं कोल्हे राहत होते. आता मानसं राहून राहिले."

"कोल्हे बरे होते," मागून कोणी म्हणाले, "रात्री वरडत, दिवसा तरी गप राहत." सगळे हसले.

"मानसं आली म्हनून शीव सरकत नाई, माय," पाटील म्हणाले. "माह्या आजाच्या वख्ती नदीच शीव होती."

"मंग मले येवढंच सांगा. पोळ्याले फुलं आमचे, देवीले फुलं आमचे, तवा आमी गावातले. आन गाडा सोडाले आमचंच दार? आमी गावातले का गावाबाहीरचे?"

पाटील म्हणाले, "तू गावातलीच वं. तुहा मळा शिवेबाहीर हाय."

पुढे कचेरीत मी बरेच निवाडे वाचले. इतका नेटका एकही आढळला नाही.

त्यात आणखी एक अडचण होती. पुढच्या गावाला निरोप घेऊन गेलेला कोतवाल परत आला तो हात हलवत. "ते म्हनतात, मधात वस्ती बसली. आता तिची शीव आमाले लागते, तुमची नाई. वस्तीनं आनून देल्ला तं घेऊ, नाई तं नाई." वस्तीने आणून द्यायचा तर गाडा ओढण्याचा मान असलेला माणूस तिथे हवा. तिथे सगळे काल आलेले. म्हणजे गाडा तिथेच राहणार हे चावडीवर सर्वांना उघड दिसत होते. चावडीने गाडा दुसऱ्या दिवशी, मंगळवारी काढायचे ठरवले.

माळीण तिथून तडक आमच्या घरी आली. ओसरीच्या कडेला बसून माझ्या बायकोला म्हणाली, "मायबाई, माह्या पोरीले तुमच्या पडवीत ठेवा. गाडा आला का तिकडं ते मुक्कामालेच बसनार. त्याच्या अगुदर पोरगी इकडं पाह्यजे."

"सासरी नाही का धाडता येणार?"

"दोन दिसाची वाट हाय. वाटंवर गावोगाव लागली हाय म्हनतात."

"पण आठव्या महिन्यात नदी ओलांडायची नाही ना ग?" बायको म्हणाली. ही रीत आमच्यातही होती.

माळणीने त्याचा विचार करून ठेवला होता. "गाडीत आनतो ना तिले. पानी पायाले नाई लागलं तं वलांडली कसं म्हनान?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. घरातले निर्णय ती घेई आणि घेतल्यावर माझ्याकडे पाही. "आणा," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी नदीकडच्या वेशीवर दोन जागले हुकूम बजावत उभे होते. पलीकडून फक्त माळणीची गाडी येऊ शकत होती, कारण फुलांवाचून गाडा हलत नाही. गाडीत कडुलिंबाच्या डहाळ्यांचा ढीग, वर कण्हेरीच्या आणि मोगऱ्याच्या टोपल्या. मी वेशीच्या आतल्या अंगाला होतो. एका जागल्याने ढिगात काठी खुपसली. ढीग शिंकला.

"काय वं, पाला शिंकला का?"

"कडू लिंब हाय बापा तो. कोनाचंई तोंड पाहून शिंकते."

दुसरा जागला पोट धरून हसला. तिकडे डफ वाजायला लागले होते आणि पाटलाचा माणूस फुलांसाठी हाका मारत होता. गाडी आत आली. आमच्या परसात तिने डहाळ्या बाजूला केल्या. पंधरा-सोळा वर्षांची पोर उठून बसली, केसांत पाला, आणि मोठमोठ्याने हसू लागली. तिची आई तिला रागे भरत होती आणि स्वतःही हसत होती. त्या घरात त्या दिवसांत झालेले तेवढेच हसणे मला आठवते.

"सांजले येतो," आई म्हणाली. "गाडा सोडला का मंडळीसंगं वापस. तवापर्यंत मायबाईचं ऐकजो."

मिरवणुकीबद्दल फार लिहीत नाही. पहिला हात कोणाचा यावर पाटील आणि देशमुख यांचे भांडण झाले. मरण दाराशी आले तरी मान पुढेमागे चालत नाही. एका शेटजींनी देवीला जरीची चोळी दिली आणि ती कोणी दिली हे ओरडून सांगायला एक माणूस ठेवला. नदीत गुडघाभर पाणी होते. माळीण फुलांची परडी घेऊन गाड्याच्या मागे चालली. पलीकडे पालांच्या मधल्या मोकळ्या जागेत गाडा उभा केला, तिने फुले वाहिली, आणि सगळे पाठ फिरवून, मागे न पाहता निघाले. तीही निघाली.

उतारावर कोतवालाने तिच्यापुढे काठी आडवी धरली. हे मी स्वतः पाहिले.

"तू कुटं चालली?"

"गावात. फुलं माहे होते ना."

"तुहं घर हे राह्यलं मांगं. गाड्याच्या बाजूचं मानूस पुढच्या मंगळवारलोक वेशीत नाई येत. आता काय नवी रीत काढतं?"

"पोरगी हाय माही तिकडं!" असे ती बोलून गेली असती तर पोरीलाही बाहेर काढले असते. तिने तोंड उघडले आणि मिटले. मग माझ्याकडे पाहिले, आणि वळून मळ्याकडे चालू लागली. फुले नेताना ती गावातली होती. परडी रिकामी झाल्यावर गावाबाहेरची झाली.

गावातला पहिला माणूस गुरुवारी गेला, नदीकाठच्या गल्लीतला. उन्हाळ्यात जुने अकोले नदीतल्या वाळूत झिरे उकरून पाणी पीत असे. गाडीतळावरचे लोक वरच्या डोहात बैल धूत, कपडे धूत, बाकीचेही सगळे तिथेच. पाण्याचा आणि पटकीचा संबंध आहे असे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचले. तेव्हा आम्हाला एवढेच दिसत होते की देवीला वाजतगाजत पोचवून दिले आणि ती परत आली. वस्तीतले लोक मोटेचे पाणी पीत होते. तिकडचे रडे हळूहळू कमी होत गेले आणि इकडचे वाढले.

शुक्रवारी पहाटे पडवीतल्या पोरीला उलटी झाली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. माझी बायको तिला पाणी पाजत होती, तेच झिऱ्याचे पाणी. सरकारी औषधाच्या बाटल्या कचेरीत होत्या. त्यातली एक मी मिळवली आणि त्यात काय होते हे मला आजही ठाऊक नाही. बायको म्हणाली, "तिच्या आईला सांगा. ती आली पाहिजे."

वेशीतून जाऊ देईनात. तट जिथे ढासळला होता तिथून मी नदीत उतरलो. माळीण समोरच्या काठावर होती. रोज सकाळ-संध्याकाळ ती तिथे उभी राहत असे, हे मला तेव्हा कळले.

"पंतोजी, पोरगी बरी हाय ना?"

मधे पात्र होते आणि खालचा आवाज नदीवर पोचत नाही. जी गोष्ट कानात सांगायची ती मला ओरडून सांगावी लागली.

तिने विचार केला नाही. लुगडे खोचून सरळ पाण्यात शिरली. माझ्या ओरडण्याने तटावर माणसे जमली होती. "देवीले घेऊन येऊन राहिली! अडवा!" असा गिल्ला झाला आणि ढेकळे येऊ लागली. मी सांगू लागलो की देवी आधीच गावात आहे, ही बाई आता आणखी काय घेऊन येणार. माझ्या बोलण्याचा शाळेत होतो तेवढाच परिणाम झाला. एक ढेकूळ तिच्या खांद्यावर फुटले. ती थांबली नाही. दुसरे कानावर लागले. ती अर्ध्यावर आली.

तेव्हा नदीकाठच्या गल्लीतली एक बाई खाली वाळूत उतरली. तिच्या कडेवर तान्हे मूल होते. तिने शिवी दिली नाही, ढेकूळ उचलले नाही. मुलाला एका हाताने धरून तिने दुसरा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "बाई, नको येऊ वं. माहे दोन गेले. हे एक राह्यलं. पाया पडतो तुह्या."

माळीण पाण्यात उभी राहिली. ती त्या मुलाकडे पाहत होती. साहेबाच्या हुकमाला तिने जुमानले नव्हते, ढेकळांना भीक घातली नव्हती. पण देवी आपल्या पाठीमागे चालत आहे यावर त्या बाईचा जेवढा विश्वास होता तेवढाच तिचाही होता. ती वळली आणि आली तशी परत गेली.

पोर शनिवारी पहाटे गेली. पोटातले मूलही. तिला पलीकडे न्यायला परवानगी मिळाली नाही, म्हणून नदीच्या वाळवंटातच अलीकडे दहन केले. मी, दोन शेजारी आणि लाकडे विकणारा एवढेच होतो. समोरच्या काठावर नवरा-बायको बसले होते. त्या दिवशी मोट थांबली आणि वस्तीने प्रथमच नदीचे पाणी भरले.

नंतरचे आधी सांगून टाकतो. गाडा कोणी उचलला नाही. पावसाळ्यात त्याची चाके बसली, मग गवंड्यांनी देवीसाठी ओटा बांधला, मग छप्पर आले. शेटजींनी त्याचे पक्के देऊळ केले आणि दारावर स्वतःचे नाव कोरले. गावाने टाकून दिलेली देवी हीच त्या वस्तीची ग्रामदेवता झाली, आणि ग्रामदेवता झाल्यावर लोक वस्तीला पेठ म्हणू लागले. स्टेशनच्या कामासाठी मळा सरकारात घेतला तेव्हा ही जमीन कोणत्या गावची असा प्रश्न निघाला. पाटलांनी शपथेवर सांगितले की तो मळा पूर्वापार अकोल्याच्याच शिवेत आहे.

पण त्या आधी, पुढच्या मंगळवारी, वेस उघडली. माळीण आमच्याकडे आली. पडवीत गेली नाही, परसात बसली. माझ्या बायकोने तिला शेवटच्या रात्रीचे सगळे सांगितले, काही गाळले नाही. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "मले बोलावत होती का?"

"होय," बायको म्हणाली.

एवढ्यात दारात कोतवाल आला, तोच काठीवाला. त्यालाही अवघड वाटत असावे, कारण तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि तिच्याकडे न पाहता बोलला. गाड्याचे दिवस पुरे झाले की वेशीतल्या देवीला फुले वाहून बंधन सोडायची रीत होती.

"पाटलानं धाडलं मले. सांजले फुलं लागतात. मान तुमचाच हाय."

माळीण उठली. टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"गावातल्या माळ्याले सांग."

"गावात कुटचा आला माळी? मळे तं सारे तिकडंच हायेत."

"मंग मले कायले इचारतं?" ती म्हणाली. "मी शिवेबाहीरची हाय."

तिने त्याला बाजूला व्हायला लावले आणि ती निघून गेली. कोतवाल तिथेच उभा राहिला. रिकाम्या हाताने चावडीवर कसे जावे हे त्याला समजेना. शेवटी त्याने माझ्या बायकोला विचारून आमच्या परसातल्या लिंबाच्या चार डहाळ्या तोडल्या. त्या संध्याकाळी देवीला तोच पाला वाहिला, आणि त्या घरची फुले नदीच्या अलीकडे पुन्हा कधी आली नाहीत.